अर्धा फेरा जास्त

१८ मार्च

चिंगे,

आणि वर तोंड करून लिहितेस, "मशीन तूच बिघडवून ठेवलंस"! मी? दोन वर्षं झाली मला त्याला बोट लावून. माझ्यामागे तू त्यात नवा बोर्ड घालून त्यावर बसलीस, तू खेळलीस, आणि पाठवलेल्या फोटोत कॅबिनेटाच्या वरच्या जाळीवर मोजा वाळत पडलाय तोही तूच टाकलास. गरम हवा बाहेर जाणार कुठून, तुझ्या मोज्यातून? पंखे विमानासारखे वाजतात म्हणतेस. वाजणारच. त्यांचा जीव चाललाय.

आणि उपाय काय, तर म्हणे लिक्विड कूलिंग. त्या दुकानदाराने निळे दिवे लावलेली पाण्याची नळी दाखवली आणि बाईसाहेब भुलल्या. अगं, त्या कॅबिनेटात पाणी एकदा जाऊन आलंय. एक जग भरून. तुझ्या देखत. मी खेळत होतो, अप्पांनी तीन हाका मारल्या, चौथी मारलीच नाही. टेबलावरचा जग उचलला आणि त्याच जाळीतून आत ओतला. चिडून नाही, आरडाओरडा नाही, कुंडीला घालतात तसं शांतपणे. आतून धूर आला तेव्हा म्हणाले, "चल आता, दोन बाथरूमच्या लाइनी बाकी आहेत." मी तिसऱ्या दिवशी घर सोडलं. त्या बाथरूमच्या लाइनी कुणी टाकल्या मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

तेव्हा पाण्याचं नाव काढू नकोस. जे सांगतो ते कर. कॅबिनेटाची दोन्ही झाकणं काढ, मऊ ब्रशने धूळ झाड. पंख्याची पाती बोटाने धरून झाड, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जाईल. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडू झाली असेल. पुसून नवी लाव, मटारच्या दाण्याएवढी, पोळीला लावतेस तशी नको. हार्ड डिस्क काढून एसएसडी घाल. रॅमची एकच काडी आहे, तिच्या जोडीची दुसरी घे, त्याच मापाची. पॉवर सप्लाय साडेचारशे वॉटचा आहे, तो साडेसहाशेचा कर, आणि स्वस्तातला घेऊ नकोस. स्वस्त पॉवर सप्लाय एकटा मरत नाही, सगळ्यांना घेऊन मरतो.

एवढं सगळं नववीत दोनदा बसलेल्या माणसाला कळतं, आणि तू बारावी झालीस.

माझं बरं चाललंय. कंट्रोल रूममध्ये बसतो. समोर चार स्क्रीन, खुर्ची फिरती, एसी. बाहेर ते बोगदा खोदायचं मशीन गुरगुरत असतं, आगगाडीएवढं लांब, आणि मी आत बटणं दाबतो. अप्पांना सांग, पोरगा बटणं दाबून पगार घेतो म्हणावं. दोन्ही बाजूंनी डोंगर, फोनला रेंज नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदोनदा डिझेलचा टँकर येतो त्याच्याबरोबर पत्र द्यायचं आणि घ्यायचं. बरंच आहे. फोनवर आपण दोघं दुसऱ्या मिनिटाला ओरडायला लागतो आणि घरभर ऐकू जातं.

तुझा दादा


२७ मार्च

दादा,

तो मोजा माझा नाही, तुझा आहे. जाताना एकच घेऊन गेलास. दुसरा धुऊन ठेवलाय, कधी येशील तेव्हा पायात घाल.

सगळं केलं. धूळ इतकी निघाली की आई म्हणाली, यात एक उशी भरेल. पेस्ट मटाराएवढी लावली. एसएसडी घातली, आता मशीन इतक्या पटकन सुरू होतं की पूर्वी मधल्या वेळात वेणी घालून व्हायची ती आता अर्धीच होते. रॅमची जोडी लावली. पॉवर सप्लाय महागातला घेतला, झेरॉक्सच्या दुकानातला अख्खा पगार गेला. मालक म्हणतो, मशीनसमोर दिवसभर उभी राहतेस आणि घरी जाऊन परत मशीनसमोर बसतेस, तुला माणसं आवडत नाहीत का? म्हटलं, तुम्हाला बघून नाही आवडत.

तरी प्रोसेसरचा ताप सत्त्याण्णव अंश! माझ्या खोलीवर दुपारभर ऊन असतं, खिडकी एक, आणि मी खेळायला बसले की बाराव्या मिनिटाला स्क्रीन काळी. काल उपांत्य फेरी होती. आम्ही पाचजण. मी मागच्या दाराची राखण करत होते, समोरून तिघे आले, दोघांना मी आडवं केलं आणि तिसऱ्यावर नेम धरला तेवढ्यात माझं मशीन मेलं. तिसरा माझ्या उभ्या बाहुलीच्या शेजारून गेला म्हणे, तिला नमस्कार करून. आम्ही कसेबसे जिंकलो. पण कॅप्टनने सरळ सांगितलं: अंतिम सामना वीस मेला, त्याआधी मशीन अख्खा तास चालवून दाखव, नाहीतर तुझी जागा माझ्या मावसभावाला. तो मावसभाऊ स्वतःच्याच माणसांना गोळ्या घालतो रे! आणि मी सहा महिने घासलेत. मला दुसरं काही इतकं चांगलं येत नाही, हे तू मला चिडवायला वापरणार आहेस, वापर.

आता ओरडू नकोस. दुकानात पाण्याचा एक अख्खा सेट परत आलाय. रेडिएटर, पंप, त्याच्यावरची पारदर्शक टाकी, प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा, नळ्या, जोड. ज्याने घेतला त्याला बसवता आला नाही. निम्म्या किमतीत देतो म्हणाला, पण बसवून देणार नाही आणि गॅरंटी नाही. आयता बंद सेट याच्या दुप्पट. एक ओळखीचा फिटर आहे, तो बसवून देतो म्हणतो. तो तर म्हणतो बंद सेट घेऊच नका, जे उघडता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही.

आई विचारते, मेमध्ये तुमच्याकडे पंधरा दिवस सुट्टी असते ना, येणार का? अप्पांनी नाही विचारलं. पण आई बोलत होती तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

तुझी, नाइलाजाने, बहीण


६ एप्रिल

चिंगे,

कोण हा फिटर?

वय काय त्याचं? कुठे भेटला? दुकानात झेरॉक्स काढायला येतो का रोज, एकाच कागदाच्या? "ओळखीचा" म्हणजे किती ओळखीचा? तुझ्या खोलीत येऊन, पंप बसवून, नळ्या टाकून देणारा माणूस फुकटात कशाला करेल? मी इतक्या लांब आहे म्हणून काय झालं, मला कळत नाही का? मीही एकदा एकीचा पंखा दुरुस्त करून दिला होता. पंख्याला काही झालेलं नव्हतं.

बरं. सेट घे. पैसे टँकरवाल्याजवळ दिलेत, तो गावात उतरला की पाठवेल. पण त्या तुझ्या मजनूला पुढचं वाचून दाखव, शब्दन् शब्द.

एक. रेडिएटर तांब्याचा आहे की अॅल्युमिनियमचा ते आधी बघा. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असला तर दोघं पाण्यात एकमेकांना खातात, सहा महिन्यांत गाळ. परत द्या.

दोन. नळाचं पाणी नाही. बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी, किंवा दुकानातलं तयार.

तीन. जोडांना, नळाला गुंडाळतात तशी सुतळी नाही, सफेदा नाही, टेप नाही. आत काळी रबरी रिंग आहे, तीच पाणी अडवते. हाताने आवळायचं. पाना लावायचा नाही. टाकी प्लास्टिकची आहे, लोखंडाची नाही.

चार. पंप टाकीच्या खाली असला पाहिजे. आधी टाकी भरायची, मग पंप. पंप कोरडा फिरवू नका.

पाच. पहिल्यांदा चालवताना बाकी सगळ्यांच्या वायरी काढा, वीज फक्त पंपाला. पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगावर लावायची एक छोटी टोपी मिळते, ती लावली की बोर्डाशिवाय चालतो. अख्खा दिवस पाणी फिरू दे, गळलं तरी नुसतं ओलं होईल, जळणार नाही. आणि परत सांगतो, पंप कोरडा फिरवू नका. कोरडा पंप दोन मिनिटांत जातो.

सुट्टीचं. चौदा मेपासून आहे. मी येणार नाही. आईला सांग काम निघालं. तुला खरं सांगतो: तो माणूस एकदा, फक्त एकदा, "चुकलो" म्हणाला तर त्या क्षणी टँकरला लटकून येईन. पण तो म्हणणार नाही. मी चौदा वर्षांचा असताना त्याच्या हाताखाली एक बेसिन फोडलं, तर त्याने त्या दिवसाची माझी हजेरी कापली होती. स्वतःच्या पोराची! म्हणाला, फोडणाऱ्याला हजेरी नाही, मग तो कुणीही असो. माझा बोर्ड फोडला तेव्हा कुणाची कापली?

त्या फिटरचं वय कळव.

दादा


१७ एप्रिल

दादा,

वय जास्त आहे. केस विरळ, गुडघे वाजतात, स्वभाव घाण. माझ्यावर प्रेम असल्याचं आजवर एकदाही दाखवलेलं नाही. झालं समाधान?

मी कुणाला तरी शब्द दिलाय की त्याचं नाव सांगणार नाही. सांगत नाहीये. नुसतं काय झालं ते लिहिते, लिहायला बंदी नाही.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. पहिल्यांदा ऐकून घेतलं. मग हातातून काढून घेतलं, चष्मा लावला, आणि दोनदा वाचलं. मजनू हा शब्द आला तिथे बराच वेळ थांबला. रेडिएटर तांब्याचा निघाला, वर्षाने काळा पडेल म्हणाला. सुतळी लावायची नाही हे वाचून त्याचं तोंड असं झालं, जणू कुणी त्याला अनवाणी बाजारात पाठवलंय. पिशवीतून सुतळी काढलेली होती, ती परत गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "हा कंट्रोल रूममध्ये बसत नाही."

मी म्हटलं, कशावरून?

"बटणं दाबणारा माणूस 'पंप कोरडा फिरवू नका' हे दोन-दोनदा लिहीत नाही. ज्याने एकदा कोरडा फिरवून जाळलाय तोच लिहितो."

दादा, खरं काय आहे?

काम मात्र बघण्यासारखं केलं. नळीचं माप दोऱ्याने घेतलं, तीनदा. नळी कापायच्या आधी ब्लेड पुसलं. प्रत्येक वळण हातात धरून खिडकीच्या उजेडात फिरवून बघितलं. मी घाई केली तर म्हणाला, "पाणी कुणाचं ओळखीचं नसतं." पाणी भरलं ते माझ्या औषधाच्या सिरिंजने, थेंब थेंब, आणि मध्येमध्ये कॅबिनेट असं तिरकं करायचा, बाळाचा ढेकर काढतात तसं. बुडबुडे निघाले की खूश.

मजुरी विचारली तर म्हणाला, हजेरी नऊशे. ओळखीचं असलं तरी. फुकटचं काम गळतं.

मग वायरी सगळ्या काढल्या, टोपी लावली, एकटा पंप चालू केला. आवाज म्हणशील तर शेजारच्या खोलीत कुणी झोपेत श्वास घेतंय एवढाच. आणि मग त्याने रद्दीतलं वर्तमानपत्र घेतलं, त्याचे हाताएवढे तुकडे केले, प्रत्येक जोडाखाली एक तुकडा, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर टाकले. एक ते आठ. "सकाळी पेपर वाचू," म्हणाला आणि गेला.

सकाळी आठांपैकी सात कोरडे. तीन नंबरचा, टाकीच्या तोंडाजवळचा, एवढासा ओला. बातमी होती कुठल्यातरी पुलाची, नेमका पूलच भिजलेला. बघतो म्हणालाय. हत्यारांची पिशवी काढून ठेवलीये.

आई म्हणते, पोरगा पत्रात एवढा बोलतो, जेवतो का काही?

चिंगी


२४ एप्रिल

चिंगे,

पेपर.

जोडाखाली नंबर टाकून पेपर लावणारा या जगात एकच माणूस आहे. मी सहा वर्षं ते तुकडे फाडलेत. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी मी लोकांच्या बाथरूममध्ये पेपर वाचायला जायचो. तू मला इतका बैल समजतेस?

म्हणजे ज्या माणसाने त्या कॅबिनेटात जग भरून पाणी ओतलं, तोच माणूस त्याच कॅबिनेटात सिरिंजने पाणी भरतोय, आणि मी इथून त्याला कुठलं पाणी चांगलं ते लिहून कळवतोय! आणि मजनू म्हणतोय! हे कुणाला सांगितलं तर माझी चौकशी करतील.

मी इतका हसलो की खोलीतल्या लोकांनी विचारलं, घरून काय आलंय. मग मला रागच आला. मग परत पत्र वाचलं. रागाचं काय करायचं ते मला कळलेलं नाही, ते बाजूला ठेवलंय.

खरं विचारलंस. घे. कंट्रोल रूम बाहेरून बघितलीये, काचेतून. मी पाइपवर आहे. ते मशीन तापतं, त्याला गार ठेवायला पाण्याच्या लाइनी जातात, मशीन पुढे सरकलं की लाइन वाढवायची. दिवसाला चार पाइप, खांद्यावर. हो, पंप जाळला. पहिल्याच महिन्यात, कोरडा फिरवून, आणि इथल्या मुकादमाने तीन दिवसांची हजेरी कापली. घर सोडलं ते पाइपला हात लावायला नको म्हणून, आणि इथे बाराही महिने ओला असतो. आता मुकादम नव्या पोरांना माझ्याकडे शिकायला पाठवतो, कारण माझा जोड गळत नाही. का गळत नाही ते तुला माहितीये. मीही खाली पेपर लावतो.

पण हे सगळं राहू दे, मुद्दा ऐक, आणि पत्र मिळाल्याबरोबर धावत जा. तीन नंबरला पाना लावू देऊ नकोस! तिथे जोड ढिला नाहीये, आतली रबरी रिंग तिरकी बसलीये. जोड सोडायचा, रिंगला ओलं बोट लावायचं, परत हाताने बसवायचा. त्यांचा हात मला ठाऊक आहे. गळलं की ते "अजून अर्धा फेरा" म्हणतात. लोखंडाला चालतं ते. ती टाकी प्लास्टिकची आहे, अर्ध्या फेऱ्याने तडकेल.

पळ.

दादा


३ मे

दादा,

तुझं पत्र सोमवारी आलं. टाकी रविवारी तडकली.

अर्धा फेरा. मी बाजूलाच उभी होते, "दादाने पाना नको लिहिलंय" म्हटलं तर म्हणाले, "तो लांब आहे, मी इथे आहे." एक बारीक टक् असा आवाज झाला. तोंडापासून खालपर्यंत केसाएवढी रेघ, आणि तिच्यातून पाणी सावकाश बाहेर. तीन नंबरच्या कागदाचा लगदा झाला. बाकी काही बिघडलं नाही, वायरी काढलेल्याच होत्या.

अप्पा खाली बसले. पाना हातात तसाच. दोन दिवस कामाला गेले नाहीत. आई म्हणाली, "गेल्या वेळी तर एवढं काही वाटलं नव्हतं." त्यावर ते उठून गॅलरीत गेले.

आता नाव कळलंच आहे तर सगळं सांगते. उपांत्य फेरीच्या दिवशी मशीन मेलं तेव्हा मी रडत होते. खोटं कशाला बोलू, भोकाड पसरलं होतं. अप्पा जिन्यातून जात होते. आत आले, कॅबिनेटवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "याला पाणी पाहिजे." मागून आई ओरडली, "परत?!" दुसऱ्या दिवशी तेच मला घेऊन दुकानात गेले, आणि सेट हातात घेऊन उलटासुलटा करत अर्धा तास त्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. तुला कळू द्यायचं नाही, ही त्यांची अट होती. कारण विचारलं तर म्हणाले, त्याला कळलं तर तो पैसे पाठवायचा नाही. खोटं बोलत होते. तुझ्यासारखंच बोलतात, कान लाल होतात.

तुझं पाइपचंही त्यांना वाचून दाखवलं. फक्त "दिवसाला चार? किती इंची?" एवढं विचारलं. मला कुठून माहीत किती इंची!

टाकी दुकानदाराकडे मिळते, चार हजार सहाशे. माझ्याकडे नाहीत, पॉवर सप्लायमध्ये गेले. अप्पा म्हणतात ते देणार, मी नाही म्हटलं, मग आम्ही भांडलो, आता कुणीच दिलेले नाहीत. सामन्याला सतरा दिवस. कॅप्टन मावसभावाचे फोटो पाठवतोय, मशीनसकट. मी सध्या जुना पंखा परत लावून, झाकण काढून, टेबलफॅन तोंडावर सोडून खेळते. अठराव्या मिनिटाला मरतं. प्रगती आहे.

सोबत एक कागद आहे. काल दिवसभर टेबलाशी बसून लिहिला, मला बघू दिला नाही. पाकीटही स्वतः चिकटवलं असतं, पण पत्ता त्यांना माहीत नाही. दोन वर्षांत तूही दिला नाहीस आणि त्यांनीही मागितला नाही. काल मागितला.

चिंगी


[पावतीपुस्तकातलं पान]

२ मे

काम: घरचे. कॉम्प्युटर, पाण्याची लाइन.

पाण्याची टाकी, प्लास्टिक, नग १. फुटली.
कारण: मिस्त्रीने अर्धा फेरा जास्त आवळला. लेखी सूचना असताना.
शेरा: चूक माझी.

कॉम्प्युटरचा बोर्ड, जुना, नग १. जळाला.
कारण: मिस्त्रीने पाणी ओतले. दोन वर्षांपूर्वी.
शेरा: ही पण चूक माझी. तेव्हाच लिहायला पाहिजे होते. पावतीपुस्तक संपले होते असे नाही.

त्या बोर्डाची तेव्हाची किंमत दुकानात विचारली. अकरा हजार चारशे. बाजूला काढून ठेवले आहेत. पोस्टाने पाठवणार नाही. हातात देईन.

त्या दोन बाथरूमच्या लाइनी मी एकट्याने टाकल्या. एक गळते.

सही


९ मे

अप्पा,

पावती मिळाली. दोन्ही शेरे वाचले. सांभाळून ठेवलीये, उद्या तुम्ही फिरलात तर पुरावा.

मी ती पावती खोलीतल्या कुणाला दाखवली नाही. पाइपच्या आडोशाला जाऊन वाचली आणि शिफ्टला उशिरा गेलो. मुकादमाने विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, वेल्डिंग. तो म्हणाला, तू वेल्डिंग करत नाहीस.

मीही एक लिहून टाकतो. तुम्ही तीन हाका मारल्या होत्या, त्या मला पहिल्यापासून ऐकू येत होत्या.

आणि सहा इंची. तिला विचारलंत ना? सहा इंची, वीस फुटी, दोघांनी उचलायचा. मी खांद्यावर म्हणून लिहिलं ते थोडं वाढवून लिहिलं.

आता कामाचं. टाकी लगेच आणा. आणून डब्यातच ठेवा. डबा उघडू नका, जोड लावून बघू नका, "नुसतं बघतो" म्हणून पान्याची पिशवी त्या खोलीत नेऊ नका. पिशवी आईच्या ताब्यात द्या. तिला सांगा मी सांगितलंय. चौदाला सुट्टी लागते, चौदाला टँकरमध्ये बसतो, सोळाला घरी. सोळाला रिंग मी बसवतो, हाताने. पाणी तुम्ही भरा, तो ढेकर काढायचा प्रकार मला जमत नाही. तुकडे मी फाडतो, नंबर तुम्ही टाका. सतराला सकाळी दोघं मिळून पेपर वाचू. अठराला चिंगीने त्या कॅप्टनसमोर तास चालवून दाखवायचं, आणि वीसला तिने समोरून येणाऱ्या तिसऱ्यालाही आडवा केलाच पाहिजे. तिच्या बाहुलीला नमस्कार करून जायला कुणी उरता कामा नये.

त्यानंतर ती गळकी बाथरूम. पत्ता काढून ठेवा. ते लोक अजून आपल्याशी बोलतात का?

अकरा हजार चारशे बाजूला ठेवलेत ते तिथेच असू द्या, मी हात पुढे करून घेणार आहे, आईच्या समोर. बोर्ड माझा होता.

चिंगीला सांगा, मोजा काढून ठेव. आणि मजनू म्हटल्याबद्दल मी माफी मागणार नाही. तुम्ही लपलात, तुम्ही भोगा.

पैसे या टँकरवाल्याबरोबर देतोय, तो उद्या गावातून पाठवेल, बाराला मिळतील. टाकीचे चार हजार सहाशे. तुमची हजेरी नऊशेप्रमाणे, चिंगीच्या पत्रांवरून मोजली तर तीन दिवस होतात. त्यातला टाकी फोडली तो दिवस कापलाय. फोडणाऱ्याला हजेरी नाही, मग तो कुणीही असो. राहिले अठराशे. मोजून घ्या: एकूण सहा हजार चारशे.